कोरड्या रेघा

सकाळी चहाचं भांडं विसळत होते तेव्हा फोन वाजला, आणि पलीकडून एक तरुण आवाज अगदी आनंदाने म्हणाला, “मॅडम, पोकळी भरली.” मला आधी वाटलं दातांच्या दवाखान्यातून असेल. माझी एक दाढ बरेच दिवस अर्धवट कोरून ठेवलेली आहे. मी म्हटलं, “आज बोलावलं होतं का मला? माझ्या लक्षातच राहिलं नाही.” तिकडून हसू आलं. संग्रहालयातली मुलगी होती ती; जुन्या संगणकांवर काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन जिच्यावर सोपवलंय ती. “दात नाही हो, तुमचं चित्र. तुमची जुनी भोकांची कार्डं आम्ही संगणकावर वाचून घेतली ना, ती चालली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधला जो रिकामा भाग आहे तिथल्यासुद्धा रेघा आल्या. इतकं सुंदर दिसतंय म्हणून सांगू.” मग तिने एका दमात सांगितलं की फ्रेमवाला आज दुपारी येणार आहे, मुख्य भिंतीवर हे नवं, पूर्ण झालेलं चित्रच लावावं असं संचालकांचं म्हणणं आहे, पण तुमच्या होकाराशिवाय काही करायचं नाही असं ठरलंय, तर तुम्ही येऊन बघून जाल का. मी “येते” म्हणाले आणि फोन ठेवला. नळ चालूच होता. भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी मी ते परत नळाखाली धरलं.

चार लोकांना माझं नाव माहीत आहे ते त्या एका चित्रामुळे. कागदभर आडव्या रेघा आहेत. वरच्या रेघा जवळजवळ सरळ, मग त्यांच्यात डाव्या बाजूला एक लाट उठते, प्रत्येक रेघेगणिक थोडी थोडी वाढत जाते, आणि ती अगदी ऐन भरात आलेली असताना रेघा एकाएकी थांबतात. पुढे पांढरा कागद. हातभर नाही, पण वीतभर सहज. आणि त्याच्याखाली रेघा पुन्हा सुरू होतात, तेव्हा डावीकडची लाट नसते; उजवीकडे दुसरीच एक लाट असते आणि ती उतरणीला लागलेली असते. मध्ये काय झालं ते कोणालाच दिसत नाही. त्या कोऱ्या जागेवर लोकांनी काय काय लिहिलं आहे. कोणाला त्यात मौन दिसलं, कोणाला मृत्यू, एका प्राध्यापकांना तर यंत्रयुगातल्या माणसाच्या मनाचा तळ दिसला. चित्राला मी नाव दिलं नव्हतं. पहिल्या प्रदर्शनाच्या मालकाने पाटीवर ‘पोकळी’ असं लिहून टाकलं आणि तेच चिकटलं.

कपाटासमोर उभी राहून मी कोणती साडी नेसावी याचा विचार करत होते आणि खरं तर तो विचार करत नव्हते. त्या मुलीचं वाक्य डोक्यात फिरत होतं. तिथल्यासुद्धा रेघा आल्या. जणू त्या कुठे गावाला गेल्या होत्या. लेकीला फोन केला. ती म्हणाली, “आई, मग चांगलंच आहे की. तुझं चित्र पुरं झालं.” मी म्हटलं, “पुरंच होतं ते.” “अगं पण तूच म्हणायचीस ना की ते बिघडलं होतं म्हणून?” “मी म्हणायचे. बाकी कोणी म्हणत नव्हतं.” “मग आता तुझंच खरं झालं,” ती म्हणाली, आणि तिच्या ऑफिसातलं कोणीतरी तिला हाक मारत असल्याचं ऐकू आलं. “टॅक्सीने जा. बसच्या पायऱ्या चढू नकोस. आणि लगेच हो म्हणू नकोस, तू समोरच्याचं तोंड बघून हो म्हणतेस.” हे मात्र तिने बरोबर ओळखलं आहे. माळा आवरताना ती कार्डं बुटांच्या खोक्यात तिलाच सापडली होती, आणि संग्रहालयाला देऊन टाकू या का असं तिने विचारलं तेव्हाही मी तिचं तोंड बघूनच हो म्हणाले होते.

टॅक्सीत मागच्या सीटवर टेकले, आणि गाडी पुलावरून जाताना खालचे रूळ आणि त्यांच्या पलीकडचे कारखान्यांचे पत्रे दिसले, तसा तो यंत्रखोलीचा वास आला. आला म्हणजे काय, आठवला. पण मला या दोहोंमधला फरक हल्ली नीट सांगता येत नाही. गरम धूळ, रबर आणि नवा कागद यांचा मिळून एक वास होता तो. पाणीपुरवठ्याच्या खात्यात मी गणिती म्हणून लागले तेव्हा माझ्या केसांची वेणी कमरेच्या खाली होती आणि यंत्रखोलीचा रखवालदार, ज्याला आम्ही सगळे फौजदार म्हणायचो, त्याने पहिल्याच दिवशी ती वेणी बघून सांगितलं होतं, “बाई, हे शेपूट बांधून या उद्यापासून. आत पंख्यात गेलं तर पंखा बंद पडेल.” माझं काय होईल हे त्याच्या चिंतेत नव्हतं. चपला बाहेर, चहा बाहेर, शिंक आली तरी बाहेर. आत संगणक, कपाटांच्या रांगेसारखा, आणि कोपऱ्यात प्लॉटर: मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढा सपाट ओटा, त्याच्यावर आडवा दांडा, दांड्याला अडकवलेलं शाईचं पेन. डोंगर कुठून चढतो, नळ कुठून न्यावा, याचे नकाशे ते पेन काढायचं. आम्ही कार्डांवर भोकं पाडून हुकूम लिहायचो, कार्डांचा गठ्ठा यंत्राला भरवायचो, आणि मग दांडा सरकायचा, पेन खाली टेकायचं आणि कोऱ्या कागदावर डोंगर उतरू लागायचे. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या हातांना घाम सुटला होता. शाळेत मला चित्रकलेत नेहमी काठावर पास केलं जायचं. माझ्या हाताला सरळ रेघ यायची नाही. आणि इथे माझ्या डोक्यातली रेघ हाताला न विचारताच कागदावर जात होती.

जेवणाच्या सुट्टीत यंत्र रिकामं असायचं. साहेबांकडे जाऊन मी विचारलं की ती वेळ मला वापरता येईल का. ते बारीक अंगाचे, सदा पोट धरून चालणारे गृहस्थ होते. “काय काढणार?” “रेघा.” “कसल्या?” “नुसत्याच.” “त्यांचा उपयोग काय?” “काही नाही, सर.” ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, “मग काढा. उपयोगाचं असतं तर मला वरून परवानगी घ्यावी लागली असती.”

मग मी रोज डबा घाईघाईने संपवून आत पळायचे. वेडीवाकडी त्रिकोणांची जाळी काढली, एकात एक अडकलेली वर्तुळं काढली, एकदा सबंध कागद शाईने इतका भिजवला की तो मधोमध फाटला आणि फौजदार म्हणाला, “नदीच आणलीत की खात्यात.” पण माझ्या मनात होतं ते वेगळंच. मला अशी रेघ हवी होती जी आधीच्या रेघेचं ऐकेल, पण पूर्ण ऐकणार नाही. वरची जशी गेली तशीच खालचीने जायचं, फक्त अधूनमधून, यंत्रानेच काढलेल्या, पण दर वेळी त्याच क्रमाने येणाऱ्या एखाद्या आडमुठ्या आकड्यावरून, थोडं आपल्या मनासारखं करायचं. एवढाच नियम. लेकी आयांचं ऐकतात तसं. त्या एका नियमातून लाट उठते, पसरते, विरते, दुसरी उठते, हे मी कागदावर आकडेमोड करून पाहिलं होतं, पण डोळ्यांनी बघितलं नव्हतं. कार्डं पुरी झाली तो दिवस उन्हाचा होता. बाहेरून आत गेलं की डोळ्यांपुढे हिरवं यायचं. मी चांगला जाड कागद लावला, पेनात शाई भरली, गठ्ठा फौजदाराच्या हातात दिला. पेन चालू लागलं. वरच्या रेघा आल्या, डावीकडे लाट उठली, आणि मला इतका आनंद झाला की मी बसलेच नाही, ओट्याच्या कडेला हात टेकून उभी राहिले. आणि मग लाट भरात आलेली असताना रेघ फिकी झाली, तुटली आणि बंद झाली. खोलीची हवा फार कोरडी असायची. निबेच्या टोकाशी शाई सुकून बसली होती.

थांबवता येत नव्हतं. म्हणजे बटण होतं, पण ते दाबलं की सगळं पहिल्यापासून. यंत्राला कुठवर आलो होतो ते आठवत नसे. पेन उचलून निब पुसून पुन्हा लावलं तर ते केसभर सरकून बसायचं, आणि त्या चित्रात केसभर म्हणजे फार. फौजदार म्हणाला, “बंद करू का, बाई? कागदावर काही पडत नाहीये.” मी म्हटलं, “थांबा जरा. येईल.” मी वाट बघत होते, एवढंच. शाई येईल म्हणून. दांडा सरकत होता, पेन टेकत होतं, उचलत होतं, एकेक रेघ मन लावून काढत होतं, आणि कागद पांढराच. यंत्राला कळत नव्हतं की आपल्यामागे काही राहत नाही. आवाज तोच. सरळ रेघेला एक घूं असा आवाज यायचा आणि रेघ वळली की तो चढायचा, उतरायचा; रोज ऐकून ऐकून मला तो पाठ झाला होता. म्हणून मी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. आता चढण, आता उतरण, आता लांबलचक सपाटी. मग पुष्कळ वेळाने फौजदार म्हणाला, “आली हो,” आणि मी डोळे उघडले तर खाली काळी रेघ ओली चमकत होती आणि तिच्यात ती दुसरी लाट होती, जिचा जन्म मला बघायला मिळाला नाही.

मी पुन्हा का काढलं नाही, असं लोक विचारतील. दुसऱ्या दिवशीच काढणार होते. पण त्याच संध्याकाळी तो गुंडाळलेला कागद काखेत घेऊन मी बसमध्ये उभी असताना एका माणसाने तो काय आहे म्हणून विचारलं. त्याचं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लाकडी सामानाचं दुकान होतं आणि दुकानाच्या भिंतींवर तो नव्या लोकांची चित्रं लावायचा. त्याने आठवड्याभरात चित्र काचेत घातलंसुद्धा. मग टीकाकार आले. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाने मला विचारलं, “मध्ये ही जागा का सोडलीत?” मी सरळ सांगितलं, “पेन वाळलं होतं.” तो इतका हसला की त्याला खोकला आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याने लिहिलं की चित्रकर्तीने चेष्टेवारी नेऊन प्रश्न टाळला आणि तेच योग्य होतं. त्यानंतरही मी दोन-तीन जणांना सांगून बघितलं. ते सगळे कौतुकाने मान हलवायचे. मग मी सांगणं सोडून दिलं; खरं बोलून कौतुकच होत असेल तर माणूस किती वेळा खरं बोलणार.

एकट्या मास्तरांनी ओळखलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि तिथली मुलं त्यांना जी हाक मारायची तीच मीही उचलली. उद्घाटनाच्या दिवशी ते हातात सरबताचा पेला घेऊन चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “शाई संपली होती ना?” मी म्हटलं, “संपली नव्हती. सुकली होती.” “हां,” ते म्हणाले, “मग ठीक आहे,” आणि निर्विकार चेहऱ्याने पुढच्या चित्राकडे गेले. तेव्हापासून आमच्या घरात काही संपलं की ‘पोकळी निर्माण झाली’ असंच म्हणायचं. “अहो, साखरेच्या डब्यात पोकळी निर्माण झाली आहे, येताना घेऊन या.” पगार व्हायच्या आधीच्या आठवड्यात ते पाकीट उघडून मला दाखवायचे: “बघ, टीकाकारांना बोलव.” एखादा जाडजूड ग्रंथ आला आणि त्यात माझ्या चित्राबद्दल पानभर असलं की ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचे, प्रवचनाच्या सुरात, आणि लेक हसून हसून ताटावर पडायची. ते गेले तेव्हा शाळेने सभा घेतली. मुख्याध्यापक उभे राहिले आणि म्हणाले की त्यांच्या जाण्याने शिक्षणक्षेत्रात मोठी पोकळी निर्माण झाली आहे. मला हसू आलं. मी चटकन शेजारी बघितलं, त्यांनीही ऐकलं ना म्हणून. शेजारी लेक होती आणि ती रडत होती.

लेक झाल्यावर रेघा थांबल्या. कोणी थांबवल्या असं नाही. खात्यात छोटं यंत्र आलं, जेवणाची सुट्टीही कामात जाऊ लागली, संध्याकाळी दूध, अभ्यास, सासूबाईंचं औषध. मी नळ मोजले, टाक्या मोजल्या, शहराच्या कुठल्या टोकाला कितव्या मजल्यावर पाणी चढेल ते काढून दिलं. ती वर्षं मला नीटशी आठवत नाहीत. फार चांगली किंवा फार वाईट असती तर आठवली असती. निवृत्त झाल्यावर अचानक लोक शोधत आले, पहिल्या पिढीची संगणक-चित्रकार म्हणून, आणि सगळ्यांना पाहिजे होती ती पोकळी. मीही हळूहळू तिथे बघायला शिकले. त्या कोऱ्या जागेत मी काय काय पाहिलं आहे. मास्तर गेल्यावर तर मी तिथे प्रचंड काहीतरी झालं असणार अशी कल्पना करायचे: दोन लाटा एकमेकींवर आदळल्या, रेघांचा गुंता झाला, सगळं फुटलं, आणि त्यातून ती उजवीकडची लाट कशीबशी वाचली. त्याशिवाय इतका फरक कसा पडेल. वर एक, खाली दुसरंच.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली आहे. मुलगी दारातच उभी होती, पेन्सिल केसांत खोचलेली. “मॅडम, हळू, इथे उंबरा आहे.” टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पसरले होते. जुना मापं घेण्यासाठी फ्रेमीतून बाहेर काढलेला. त्याच्या कडेला काचेला चिकटल्याच्या खुणा, रंग कोऱ्या चहासारखा, आणि शाई काळी राहिलेली नव्हती, तपकिरी झाली होती. त्याच्याकडे मी नुसती नजर टाकली. नव्या कागदापाशी गेले.

तिथे काही फुटलं नव्हतं. डावीकडची लाट भरात आली, आणखी थोडी वाढली, मग आपली आपण उतरू लागली, आणि ती पुरती उतरण्याआधीच तिच्या कुशीतून, थोडी उजवीकडे, एक लहानशी लाट निघाली. बराच वेळ त्या दोघी शेजारी शेजारी होत्या. एक ओसरत, एक भरत, आणि रेघा दोघींवरून सारख्याच निवांत जात होत्या. मग एका रेघेत फक्त एकच राहिली. बस. इतकंच झालं होतं तिथे. मी कितीतरी वेळ बघत उभी राहिले असणार, कारण मुलगी म्हणाली, “मॅडम, पाणी देऊ?” मी नको म्हटलं. तिला कसं सांगायचं की हे फार चांगलं आहे, त्या जुन्यापेक्षा चांगलं आहे, आणि मला त्याचाच त्रास होतो आहे. कमरेखाली वेणी असलेल्या त्या पोरीला हेच हवं होतं. तिने भरउन्हात धावत येऊन, डबा कसाबसा संपवून, हेच लिहिलं होतं, रेघ न् रेघ, आणि सगळ्या जगाने तिला सांगितलं की बाई, तू जे लिहिलंस त्यापेक्षा तू लिहिलं नाहीस ते थोर आहे. आज होकार दिला तर तिला तिचं चित्र मिळत होतं. पण मग ती दुपार काय होती? ओट्याला टेकून डोळे मिटून ऐकत राहिले ती? आणि ज्याच्यावर माझं नाव उभं आहे, ज्याच्यावर आम्ही दोघं जन्मभर जेवताना हसलो, ते काय एक चोंदलेली निब, पुसून दुरुस्त केलेली? आणि नकार दिला तर त्या पोरीला मीच पुन्हा सांगणार होते की तुझ्या रेघा नकोत.

संचालक आले. सुटातले, हसतमुख, घाईतले. “कसं वाटलं, मॅडम? मी तर म्हणतो, प्रदर्शनाचं भित्तिपत्रकसुद्धा याचंच करू. इतक्या वर्षांनी कोडं सुटलं.”

“कोडं नव्हतं ते,” मी म्हटलं.

“म्हणजे लोकांच्या दृष्टीने हो.” त्यांनी मुलीकडे बघितलं. “किंवा असं करू. दोन्ही लावू. आधी आणि नंतर.”

“केस उगवायच्या तेलाच्या जाहिरातीत असतं तसं?”

मुलगी खुदकन हसली आणि मग तिने खोकल्यासारखं केलं. संचालकही हसले, पण घड्याळ बघत. मी म्हटलं, “शेजारी शेजारी लावलीत तर एक चूक होईल आणि दुसरी दुरुस्ती. ते नको. एकच लावा. कुठलं ते मला जरा बसून ठरवू दे.”

“अवश्य. अगं, खुर्ची दे त्यांना.”

खोलीत उंच स्टुलंच होती. त्यावर मला चढता आलं नसतं. तिने कोपऱ्यातून एक ठेंगणी खुर्ची ओढत आणली, कोणीतरी खोकी बांधताना वापरत असेल ती. मी बसले तर टेबल माझ्या हनुवटीला लागलं. शाळेत पहिल्या दिवशी मोठ्यांच्या बाकावर बसवल्यासारखं. समोरच्या खिडकीतून ऊन टेबलावर आडवं येत होतं आणि माझे डोळे त्या जुन्या कागदाच्या अगदी पातळीवर होते. कागद असा मी कधी बघितलाच नव्हता. शाई वाळते न वाळते तोच तो गुंडाळला, आठवड्याभरात काचेआड गेला, आणि काचेआड गेल्यावर सगळे समोरून बघतात. कोरी जागा कोरी नव्हती. तिच्यावर बारीक सावल्या होत्या, केसासारख्या, आडव्या, एकीखाली एक. पहिल्यांदा वाटलं कागदाला सुरकुत्या पडल्या असतील. मग मी मान थोडी कलती केली आणि त्या सावल्या वळल्या. वर चढल्या, उतरल्या. निब कोरडी होती, पण ती टोकदार होती आणि दांड्याचा भार तिच्यावर होता. कागद जाड होता. तिने प्रत्येक रेघ कागदात दाबून काढली होती. यंत्र थांबलं नव्हतं हे मला जन्मभर माहीत होतं. त्याच्यामागे काही राहिलं असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही. मी डावीकडून शोधत गेले. ती ओसरणारी लाट सापडली. तिच्या कुशीतली लहानगी सगळी दिसली असं म्हणणार नाही, माझे डोळे आता पूर्वीचे नाहीत, आणि मधूनच ते भरूनही येत होते. पण एका ठिकाणी त्या दोघी शेजारी शेजारी मला स्पष्ट दिसल्या. त्या दुपारच्या, त्याच कागदात. मी डोळे मिटून ऐकत होते तेव्हा काढलेल्या.

“हे लावा,” मी जुन्यावर बोट ठेवून म्हटलं.

संचालकांचा चेहरा पडला. ते सभ्य गृहस्थ आहेत, लगेच सावरले. “तुमचा शब्द शेवटचा, मॅडम. पण रिकामंच ठेवायचं? हातात असताना?”

“रिकामं नाहीये. काच लावू नका आणि वरचा दिवा बंद करा. उजेड असा द्या, खालून, कागदाला लागून आडवा.”

“काच नाही म्हणजे... धूळ बसेल. आणि खरं सांगू का, समोरून येणाऱ्याला काहीच दिसणार नाही.”

“वाकला तर दिसेल.”

त्यांना ते पटलं नाही हे उघड होतं. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही. माझी नजर कुठे आहे ते तिने हेरलं आणि ती माझ्या खुर्चीशेजारी येऊन गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. केसांतली पेन्सिल निसटून खाली पडली, ती तिने उचलली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, पेन वाळलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही ते चालू ठेवलंत.”

“वाट बघत होते.”

“सर,” ती वर न बघताच म्हणाली, “तुम्ही इकडे या. तिथून नाही दिसायचं.”

संचालकांनी सुटाचं बटण सोडलं, टेबलाच्या कडेला एक हात टेकला आणि नाइलाजाने वाकले. आधी नुसते मानेतून, मग कमरेतून, मग चष्मा काढून आणखी खाली. नवा कागद त्यांच्या कोपराखाली आला होता, तो मी हळूच ओढून घेतला आणि मांडीवर गुंडाळायला लागले. तो मी घरी नेणार होते, त्या वेणीवाल्या पोरीचा होता तो. तेवढ्यात दार लोटून फ्रेमवाला आत आला, खांद्यावर पट्ट्यांचा भारा, आणि साहेब आणि ती मुलगी दोघं टेबलाशी ओणवे झालेले बघून दारातच थबकला.

“काय पडलंय का, साहेब?” त्याने विचारलं.

मग त्याने भारा भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले, आणि उरलेल्या बाजूने येऊन तोही वाकला.